जर्मनच्या ताटांची मोटार

आमच्या घरमालकांना थर्मामीटर या वस्तूचा मनापासून तिटकारा होता. "काचेच्या नळीला काय कळतंय ताप म्हंजे काय? तिला कधी आलाय?" असं ते विचारायचे. ताप मोजायचं त्यांचं साधन म्हणजे उजव्या हाताचा तळवा आणि बेचा पाढा. वस्तूवर तळवा ठेवायचा आणि पाढा म्हणायला लागायचं. चटका असह्य होऊन हात जिथं उचलला जाईल, तो त्या वस्तूचा ताप. अंघोळीचं पाणी बे सक. चुलीवरून नुकतंच उतरवलेलं पातेलं बे दुणे. दुपारच्या उन्हातली कौलं बे चोक. पाढा बे दाहे वीसपर्यंत पुरा झाला, तर ती वस्तू थंड. मग तिच्यात त्यांना काही रस उरायचा नाही.

मी त्या घरात राहायला गेले तेव्हा नवी नवरी होते. सातारकडची, समुद्र कधी न पाहिलेली, आणि जिभेला भरपूर धार असलेली. तारापूरला तेव्हा वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि आमचे हे तिथं इलेक्ट्रिकच्या कामावर लागले होते. बोईसर स्टेशनच्या आसपास खोली मिळेना, म्हणून चिंचणीत या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, पडवीच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. पहिल्याच आठवड्यात मला हिवताप भरला. हे कामावर गेलेले. दारात काका उभे. कमरेला पंचा, कानावर विडी, आणि पायात एक चामडी आणि एक रबरी चप्पल. दोन जोड्यांतली एकेक हरवली होती, म्हणून उरलेल्या दोघींचा त्यांनी संसार लावून दिला होता.

"सूनबाई, कपाळ दाखव," म्हणाले. हात ठेवला आणि सावकाश पाढा म्हणू लागले. मी गुंगीत. बे आठे सोळाला थांबले. "बे आठे. घाबरायचं नाय. बे साते झाला तर डाक्टर आणू."

माणसाच्या कपाळाचा काही चटका बसत नाही, मग हे थांबतात तरी कशावरून, असं मी काकींना नंतर विचारलं. काकी म्हणाल्या, "त्याइचं त्याइला म्हाईत. दिवसभर नुसतं बे बे बे. घरात बकरी बांधल्यासारकं वाटतं मला." काकी शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या, आणि पाढ्यांवर त्यांचा राग होता. पण घर, वाडी, पेंढा, पाहुणे, सगळं त्यांच्या हुकमावर चालायचं. काकांनी शोध लावायचे आणि काकींनी ते निस्तरायचे, अशी त्या घरातली वाटणी होती.

काकांची पानवेलीची वाडी होती, कडेनं केळी. पानवेल म्हणजे फार नाजूक प्रकरण, उन्हाळ्यात रोज पाणी हवं. ते विहिरीवरच्या रहाटानं यायचं, आणि रहाट ओढायचा दिवाणजी. दिवाणजी म्हणजे रेडा. एक शिंग पुढं, एक मागं, आणि चेहऱ्यावर असा भाव की सगळ्या गावाचा कारभार आपणच बघतो. काकी लग्न होऊन वाणगावहून या घरात आल्या त्याच वर्षी तो जन्मला होता. मी पाहिला तेव्हा तो म्हातारा झालेला, मागचा एक पाय सुजलेला. रहाटाभोवती दोन फेऱ्या मारायचा आणि उभा राहायचा. काका त्याला कधी हाकायचे नाहीत. त्याच्या शेजारी तेही उभे राहायचे, दोघंही विहिरीकडं बघत.

काकी त्याला दिवसभर शिव्या घालायच्या. "खायला काळ नि भुईला भार," वगैरे. पण तांदळाची पेज तो फक्त काकींच्या हातची प्यायचा. काकांनी दिली तर मान फिरवायचा. एकदा मी चोरून बघितलं, काकी बादली धरून उभ्या होत्या आणि पदरानं त्याच्या डोळ्यांतली चिपडं पुसत होत्या. मला पाहिल्याबरोबर "पी मेल्या!" म्हणून ओरडल्या.

तर या दिवाणजीला निवृत्त करायचं असं काकांच्या मनानं घेतलं. "परकल्पावरच्या सायबाला पेन्शन हाय. तो दिवसभर खुर्चीत बसतो. आमच्या दिवाणजीनं जन्मभर पाणी ओढलं, त्याला का नाय?" गावात वीज नुकतीच आली होती. पालघरला एक भाताची गिरणी बंद पडली होती, तिथली जुनी विलायती मोटार काकांनी मिळवली आणि पंपासकट बैलगाडीतून वाजतगाजत आणली.

त्या दिवशी समारंभ झाला, अगदी रीतसर. दिवाणजीच्या गळ्यात झेंडूचा हार, मोटारीला हळदकुंकू, आणि दोघांच्या मधे एका पाटावर काका उभे. त्यांनी भाषण केलं. "दिवाणजी आजपासून मोकळे. यांचा चार्ज यांनी मोटारबाईकडं दिला हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, तू शिकलेली हायस, दोन शब्द बोल." मी म्हणाले, "पोट दुखतंय." हसून हसून खरंच दुखत होतं. दिवाणजीनं तेवढ्यात हार खाऊन टाकला.

मोटारबाई सुरेख चालली. पाटातून असं पाणी धावलं की काका धोतर वर करून त्याच्यासोबत शेवटच्या वाफ्यापर्यंत पळत गेले. पण अर्धी वाडी भिजेपर्यंत मोटार अशी तापली की काकांचा तळवा बे दुण्यालाच उडाला.

आमच्या ह्यांनी येऊन बघितलं. मोटारीच्या शेपटाकडं तिला वारा घालणारा पंखा असतो, तो कधीच मोडून गेला होता. "आतली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. अशीच चालवली तर एक दिवस आतल्या तारा जळतील, मग भंगार," हे म्हणाले. विलायती मोटार, तिचा पंखा कुठं मिळेना. काका म्हणाले, "मंग आपण करू."

पहिला पंखा वनस्पती तुपाच्या डब्याचा झाला. कात्रीनं कापलेली पाती, मधे खिळा. मोटार चालू केली तेव्हा तो झकास फिरला, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, सुटला. घूंऽ करत आमच्या डोक्यांवरून गेला आणि लांबच्या केळीचा अख्खा घड उतरवून खाली आला. काकांनी घड उचलून बघितला. "केळी तयार झाल्याली," म्हणाले. त्या रात्री आम्हाला कच्च्या केळ्याची भाजी होती.

दुसरा उपाय दिवाणजीनं सुचवला. काकांचंच म्हणणं हे. दुपारी ते गोठ्यापाशी बसले होते, समोर दिवाणजी डबक्यातल्या चिखलात डोळे मिटून पडलेला. "बघ सूनबाई. ऊन लागलं की हा काय करतो? कुणी शिकिवलंय त्याला? जनावराचं शहाणपण हाय ते." तासाभरात काकांनी डबक्यातला गार चिखल घमेल्यानं आणून मोटारीच्या अंगाला थापला. मानेपासून शेपटापर्यंत, बोटभर जाड. मला ते इतकं पटलं की मीही बाह्या सारून थापायला बसले. रेडा बघत होता आणि आम्ही दोघं मोटारीला माखत होतो.

चिखल पंधरा मिनिटांत वाळला. रेडा उठून पुन्हा डबक्यात लोळू शकतो, मोटार कशी लोळणार? वाळलेल्या चिखलाच्या आत ती, कुंभाराच्या भट्टीतल्या मडक्यासारखी भाजायला लागली. वास सुटला. काकांनी धावत जाऊन बटण बंद केलं, आणि मग आम्ही दोघं खुरप्यानं मोटार सोलत बसलो. काकी पडवीतून बघत होत्या. 

काका मात्र गोठ्यात जाऊन उभे राहिले. "दिवाणजी, सल्ला चुकला तुझा. पन राग नाय," असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

खरी युक्ती निघाली माझ्या घरी, काका चहाला आलेले असताना. हे कामाला निघालेले, घाई, मी कपातला चहा बशीत ओतून दिला. काका एकदम ओरडले, "थांब!" ह्यांचा हात तोंडाशी थांबला. काकांनी एक तळवा कपाला लावला, एक बशीच्या बुडाला. दोन्ही हातांवर एकदम पाढा म्हणाले. "कपातला बे त्रिक. बशीतला बे साते. चहा तोच, साखर तीच, सूनबाई तीच. मंग मधी झालं काय?"

"पसरला," मी म्हणाले.

"पसरला!" काका उठलेच. "ताप एका जागी कोंडला म्हणून तापतो. त्याला पसरायला जागा द्याया पायजे. मोटारबाईला बशा पायजेत!" आणि ते माझी बशी घेऊन निघून गेले. ती बशी अजून परत यायची आहे.

चिनी मातीची बशी मोटारीच्या कामाची नव्हती, हे तिचे तुकडे पडल्यावर त्यांना कळलं. हवा होता धातू, तोही हलका, आणि फुकट. अ‍ॅल्युमिनियमला तेव्हा आम्ही सगळे जर्मन म्हणायचो. काकींच्या मांडणीवर जर्मनची भांडी रांगेनं लावलेली असायची. आधी एक झाकण गेलं. मग दुसरं. मग ताटल्या. काका एकेक ताट मधोमध काटकोनात दुमडायचे. अर्धं मोटारीच्या पाठीला घट्ट चिकटवायचं, अर्धं हवेत उभं ठेवायचं. वरून पिंपाची लोखंडी पट्टी गुंडाळून बोल्टनं आवळायची. मोटारीच्या अंगातला ताप ताटात चढणार, आणि ताटाला दोन्ही बाजूंनी वारा लागणार, असा तो हिशेब.

बंदरावरून मासे घेऊन येणारी एक कोळीण होती, तिला सगळे बाय म्हणायचे. तिनं डोक्यावरची टोपली उतरवली आणि मोटारीकडं बघतच राहिली. "अगो बाय! काका, तुमच्या मोटारीला कल्ले फुटले!"

त्या दिवसापासून त्या पत्र्यांचं नाव कल्लेच पडलं. आणि सांगते, कल्ल्यांनी काम केलं. मोटार बे दुण्यावरून बे चोकावर आली. काकांना अस्मान ठेंगणं झालं. भेटेल त्याला हात धरून विहिरीवर न्यायचे. पोस्टमनला न्यायचे, भटजींना न्यायचे, एकदा तर वाट चुकलेल्या एका हिंदी बोलणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला नेलं. "हात लगाओ," म्हणाले. तो बिचारा हात लावून म्हणाला, "गरम है." काका खुशीनं म्हणाले, "पैले और गरम था!"

बे चोक म्हणजे पाऊण वाडी. शेवटच्या कोपऱ्यातल्या वेली तरी सुकतच होत्या. आणखी कल्ले हवे होते. म्हणजे आणखी ताटं हवी होती.

अशात एका बुधवारी वाणगावहून काकींचा भाऊ आणि भावजय जेवायला आले. काकींनी सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या, भात. वाढायला मांडणीकडं वळल्या आणि त्यांना दिसलं की मांडणी रिकामी आहे. एक ताट नाही, एक वाटी नाही. आदल्या संध्याकाळी काकांनी शेवटचा हात मारला होता.

काकींनी मला हाक मारली. "केळीची पानं आन."

आता केळीच्या पानावर सगळं गोड लागतं, पण बोंबलांचं पातळ कालवण? ते वाढल्याबरोबर निघालंच. भाऊ भाकरीचा बांध घालतोय, कालवण दुसऱ्या बाजूनं पळतंय, भावजय बोटांनी अडवतेय. शेवटी भावानं विचारलं, "ताई, ताटं कुठं हायत?"

"मोटार जेवतेय त्यात," काकी म्हणाल्या.

पाहुणे गेले आणि काकी कडाडल्या. "हे बगा, लय झाली थेरं! वाडी सुकली तर वर्षभर खायचं काय? त्या मोटारीचा भरोसा नाय. तरणा रेडा घ्यावा लागंल. नि दोन रेडे पोसायला आपला पेंढा पुरायचा नाय. मासवणचा गुरांचा व्यापारी सोमवारी येनार हाय, मी निरोप धाडलाय. सोमवारी मोटारीनं एका दमात शेवटच्या वाफ्यात पानी नेलं, तर ऱ्हाऊ दे तुमच्या दिवाणजीला बसून. मधी थांबली, तर त्याचं दावं मी माज्या हातानं सोडनार."

व्यापारी म्हाताऱ्या रेड्याचं काय करतो, हे त्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही. काका जेवले नाहीत. मला म्हणाले, "ती खरं बोलतेय, सूनबाई. पेंढा खरंच नाय."

संध्याकाळी हे आले. काकांनी विचारलं, "जर्मनपेक्षा बरं काय हाय?"

"तांबं," हे म्हणाले. "तांब्यातून उष्णता झटकन जाते. पण एवढं तांबं मोटारीला कोण लावणार हो!"

पडवीच्या कोपऱ्यात काकींचं तांब्याचं घंगाळ असायचं. त्यांच्या आईनं लग्नात दिलेलं. वाणगावहून येताना काकी गाडीत ते मांडीवर धरून बसल्या होत्या म्हणे. आई पुढं लवकरच गेली. दर शनिवारी काकी ते चिंचेनं घासायच्या, आणि त्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत सोडायच्या नाहीत. काकांची नजर तिकडं गेली. फक्त गेली, एवढंच. पण काकी दारात उभ्या होत्या आणि त्यांनी ती नजर पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा रिकामा. घंगाळ कुठं गेलं, कुणाला पत्ता नाही. मला हसू आलं, पण काका दुखावले होते. "मी मागितलं नाय," म्हणाले. "मागनार बी नाय. ताट येगळं नि ते येगळं. ते तिच्या आईचं हाय."

सोमवार उजाडला तोच कोंदट. पान हलत नव्हतं. कल्ल्यांना वारा हवा, आणि वाऱ्यानं नेमकी त्याच दिवशी सुट्टी घेतलेली. व्यापारी सकाळीच आला. पांढरं धोतर, गोड बोलणं, हातात नवी दोरी. काकींनी त्याला पडवीत बसवून चहा दिला. बाय टोपली घेऊन आली होती, ती रेंगाळली. गोठ्यात दिवाणजी रवंथ करत होता. त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

मला काकांनी वाडीच्या शेवटच्या वाफ्यापाशी उभं केलं. "पानी आलं की बोंब ठोक," म्हणाले. मोटारीचा आवाज सुरू झाला. मी पाटाकडं डोळे लावून बसले. नवस बोलायचा तर कुणाला, मला त्या गावचे देवही धड माहीत नव्हते. माझ्या गावच्या देवीला म्हणाले, बाई, एवढ्या लांब येता येत असेल तर ये. पाणी दिसलं. एक वाफा भरला, दुसरा भरला. मधेच काकांचा आवाज यायचा, "बे सक!" मग "बे पंचे!" मग बराच वेळ काहीच नाही. पाणी माझ्यापासून तीनचार वाफे लांब होतं. पुढं सरकत होतं. आणि मग त्याचा जोर गेला. ते जिथल्या तिथं मातीत जिरायला लागलं.

मी धावत विहिरीवर गेले. मोटार बंद. काका तिच्यासमोर उकिडवे बसलेले, तळवा लालबुंद.

"जळली?" मी विचारलं.

"नाय. मीच बंद केली. बे दुणे झाली होती. आनखी चालवली असती तर मेली असती बिचारी." एका मुक्या प्राण्यासाठी दुसरी मुकी वस्तू मारायची नाही, असा तो माणूस. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी तोंडाला पदर लावून रडायला लागले.

व्यापारी उठला. धोतर झटकलं. "काकी, मंग दावं?"

काकी गोठ्याकडं चालायला लागल्या. काकांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "त्याला पेज पाजून दे. वाटंत कोन देनार?"

गोठ्यात खसपस झाली. बराच वेळ झाली. बाय माझा हात धरून उभी होती. आणि काकी बाहेर आल्या. हातात दावं नव्हतं. दोन्ही हातांत घंगाळ होतं. केसांत, खांद्यावर, सगळीकडं पेंढा. दिवाणजीच्या पेंढ्याच्या राशीत पुरून ठेवलं होतं त्यांनी ते!

विहिरीपाशी येऊन त्यांनी ते काकांपुढं धाडकन ठेवलं. "कापा."

काका मागंच सरकले. "नको गो. आईचं तुज्या..."

"आयनं मला दिलं का तुमाला?"

"तुला."

"मंग गप बसा नि कात्री द्या. तुमी नाय कापलं तर मी कापते."

आणि त्यांनीच पहिली कात्री लावली. तांब्याचा पत्रा कापतानाचा तो आवाज मला आजही नको वाटतो. काकींनी ओठ आवळून धरले होते. एक चीर पडली आणि कात्री काकांच्या हातात दिली. मग काका कामाला लागले, आणि कामाला लागले की ते वेगळेच व्हायचे. छिन्नीनं बूड उडवलं. कडेनं उभ्या चिरा पाडल्या, एकेक पट्टी बाहेर वळवली. घंगाळाचं एक मोठं फूल झालं. कल्ल्यांची पट्टी सैल करून ते फूल मोटारीच्या शेपटाकडून अंगात चढवायचं होतं, आणि ते चढेना.

"बघत काय बसलाव? धरा की!" काकी व्यापाऱ्यावर ओरडल्या.

व्यापारी बिचारा नवी दोरी टाकून धावला. एका बाजूनं तो, एका बाजूनं बाय, मागून मी. काका हातोडीनं ठोकत होते. जिथं सैल होतं तिथं जर्मनचे तुकडे ठोकून बसवले. शेवटी ते असं गच्च बसलं की व्यापाऱ्यानं हलवून बघितलं तरी हललं नाही. त्याचं धोतर काळं झालं होतं आणि तो हसत होता.

बटण दाबलं. मी पुन्हा शेवटच्या वाफ्याकडं पळाले. पाट भरला. थांबलेलं पाणी हललं, आधी दबकत, मग सुसाट. एक वाफा. दुसरा. माझ्या पायाला ओलं लागलं तेव्हा मी अशी बोंब ठोकली की पार तारापूरच्या बांधकामावर ऐकू गेली असेल. पदर खोचला आणि तशीच चिखलातून विहिरीवर पळत आले.

मोटार चालूच होती. उन्हात ते तांब्याचं फूल झळाळत होतं. आणि सगळे नुसते उभे. कुणी हात लावला नव्हता.

"काका, किती?" मी धापा टाकत विचारलं.

काकांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. "माज्यानं व्हत नाय गो सूनबाई." जन्मभर ज्याला त्याला तळवा लावत हिंडणारा माणूस, त्या दिवशी त्याची छाती होईना.

काकींनी हात पदराला पुसला. पुढं झाल्या, आणि मोटारीच्या पाठीवर, दोन कल्ल्यांच्या मधे, तळवा ठेवला. ठेवला आणि म्हणायला लागल्या. "बे एके बे."

आम्ही बघतच राहिलो. शाळा न पाहिलेली बाई.

"बे दुणे चार. बे त्रिक सा. बे चोक आठ." आवाज अगदी हळू, पण कुठंही अडखळ नाही. चहाच्या कपावर, अंघोळीच्या पाण्यावर, कौलांवर, रेड्याच्या पाठीवर, इतकी वर्षं ऐकत होत्या त्या. "बे पंचे धा. बे सक बारा." काकांचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. "बे साते चौदा. बे आठे सोळा." बायनं टोपलीवरचा हात छातीवर घेतला. "बे नव्वे अठरा."

"बे दाहे वीस," काकी म्हणाल्या, आणि हात उचलला नाही.

व्यापाऱ्याकडं वळून म्हणाल्या, "रेडा इकायचा नाय. आनखी चहा घ्या." मग काकांकडं बघितलं. तळवा अजून मोटारीवरच होता.

"पाडा तर सोंपला. आता फुडचा कुटला?"

काकांनी पंच्यानं डोळे पुसले. 

"तीन एके तीन," ते म्हणाले.